सासूबाईंचं वारंट

माझ्या सासूबाई अकरा वर्षं फरार होत्या, आणि हे आम्हालाच काय, त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

त्यातली पहिली सहा वर्षं त्या नगरच्या एका मिशन दवाखान्यात मेट्रन होत्या. रोज सकाळी पावणेसातला कडक इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म घालून त्या पोलीस ठाण्यासमोरून चालत जायच्या. ठाण्यातल्या निम्म्या मंडळींना त्यांनी कधी ना कधी इंजेक्शन दिलं असेल. निवृत्त झाल्यावरची पाच वर्षं त्यांनी चर्चचं भगिनी मंडळ आणि आमचं घर, या दोन्हींना शिस्त लावण्यात घालवली. लपून बसणं त्यांच्या स्वभावातच नाही. त्या चार दिवस राहुरीला बहिणीकडे गेल्या की आम्हीच जरा पाय पसरून बसायचो.

हे सगळं उघडकीला आलं ते पासपोर्टमुळे. माझी नणंद मस्कतला असते. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस गेले आणि सासूबाईंनी त्याच दिवशी जाहीर केलं, "बाळंतपण मी करणार." आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींची बाळंतपणं केलेल्या बाईला स्वतःच्या लेकीचं करायचं होतं. सहावा महिना लागल्यावर अर्ज भरला, फोटो काढला. फोटोत हसायचं नाही म्हटल्यावर त्यांना काही कष्ट पडले नाहीत. मग पडताळणीसाठी पोलीस ठाण्यातून फोन आला, म्हणून आधार कार्ड आणि लाइट बिल घेऊन आम्ही दोघी गेलो.

पासपोर्टचं काम बघणारा हवालदार पाथर्डीकडचा होता. त्याने संगणकात नाव घातलं, पडद्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे बघितलं, आणि पुन्हा पडद्याकडे.

"मावशी, तुमच्या नावावर गुन्हा दिसतोय."

"माझ्या?"

"मनमाड रोडचा रास्ता रोको. आरोपी क्रमांक सात. आन् वारंट बी हाय, अजामीनपात्र." त्याने आवाज खाली आणला. "फरार लिहिलंय."

मी घाईघाईने आधार कार्ड पुढे केलं. सासूबाई मात्र चष्मा पुसत म्हणाल्या, "मग आता काय करायचं असतं?"

"खरं तर तुमाला आत्ता इथंच बसवून घ्यायला पायजे."

"बसते की," म्हणत त्यांनी पर्स मांडीवर घेतली. "तेवढा पंखा लावा."

हवालदार बिचारा खुर्चीतून उठलाच. "आवो, तसं नगा करू मावशी! आजच वकील बघा आन् उद्या स्वतःहून कोर्टात हजर व्हा. मी तुमाला बघितलंच न्हाई असं समजा."

"पण तुम्ही बघितलंय," सासूबाई म्हणाल्या. खोटं त्यांना चालत नाही, अगदी त्यांच्या फायद्याचं असलं तरी. मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

घरी आल्यावर ह्यांनी मोबाईलवर कोर्टाचं ॲप उतरवून घेतलं. हे एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, शंभर माणसांना कामाला लावतात, पण कोर्टाच्या रस्त्याने जायचंही टाळतात. नाव घालून शोधलं तर सासूबाईंच्या नावाच्या चार बाया निघाल्या. एकीवर फसवणुकीची केस होती. ती बघून ह्यांनी आईकडे असं काही बघितलं की त्या म्हणाल्या, "अरे, जन्म दिलाय मी तुला. जरा विश्वास ठेव." शेवटी केस सापडली ती चुकीच्या नावाखाली. आडनावातलं एक अक्षर गळलं होतं, तरी ठाण्याच्या संगणकाने ते बरोबर पकडलं होतं, आणि वय सहा वर्षांनी कमी लिहिलं होतं. वयाची चूक सासूबाईंना फारशी खटकली नाही.

मग त्यांनी आठवून आठवून सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात कुठेतरी पाइपलाइन फुटली आणि आमच्या भागात कितीतरी दिवस पाणी नव्हतं. तिकडे मुळा धरणात पाणी होतं आणि इकडे नळातून नुसती हवा. एका सकाळी वस्तीतल्या अकरा बायका हंडे घेऊन मनमाड रस्त्यावर बसल्या. माझं तेव्हा बाळंतपण झालेलं, मी माहेरी श्रीगोंद्याला होते, त्यामुळे त्या मोर्चाबद्दल मी नुसतं ऐकलं होतं. अकरा जणींवर गुन्हा दाखल झाला. पहिल्या तारखेला सगळ्या गेल्या. पुढच्या तारखेला दवाखान्यात गॅस्ट्रोचे इतके पेशंट आले की सासूबाईंना निघता आलं नाही. संध्याकाळी त्या अकरा जणींतल्याच, शेजारच्या खाला येऊन सांगून गेल्या, "सब मिट गया सिस्टर. काळजी करू नका."

मिटलं होतं खरंच, पण दहा जणींचं. त्यांनी गुन्हा कबूल करून दंड भरला होता. अकरावीची केस वेगळी काढली गेली. नंतर आम्ही भाड्याचं घर सोडून फ्लॅटमध्ये आलो, समन्स जुन्या पत्त्यावर जात राहिली, आणि मेट्रन सिस्टर कागदोपत्री फरार झाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही वकीलबाईंकडे गेलो. चाळिशीतली, झटपट बोलणारी बाई. फाइल बघून त्या म्हणाल्या, "अगदी सोपं आहे. आधी वारंट रद्द करून घेऊ. कारण लिहू, की आजारी होत्या."

"मी एक दिवसही आजारी नव्हते," सासूबाई म्हणाल्या. "माझं रजेचं पुस्तक बघा."

वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. शेवटी अर्जात खरं तेच लिहिलं, की प्रकरण मिटलं असं समजून राहिले.

कोर्टात मी आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. बाहेरच्या बाकांवर लोक एसटी स्टँडवर बसावेत तसे डबे, पिशव्या घेऊन बसलेले. पुकारा झाला. न्यायाधीश वयाने माझ्यापेक्षा लहान वाटले. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "आजी, अकरा वर्षं एकदाही चौकशी करावीशी वाटली नाही?"

"नाही साहेब. ती चूक झाली माझी."

न्यायाधीशांना बहुधा इतक्या सरळ उत्तराची सवय नसावी. त्यांनी थोडा दंड लावून वारंट रद्द केलं आणि नवा जामीन द्यायला सांगितलं. जामीनदार म्हणून उभी कोण राहिली, तर मी. मी शाळेत क्लार्क आहे, पगाराची स्लिप बरोबर होती. सासूबाई प्रत्येक तारखेला हजर राहतील याची हमी घेता का, असं मला विचारलं. मी "हो" म्हणून सही केली. अठरा वर्षं ज्या बाईने माझ्या भाजीत मीठ किती पडलं यावर लक्ष ठेवलं, तिची हमी मी घेतली होती. खरं सांगते, मला जरा बरं वाटलं. पुढचे काही दिवस त्या चपला घालायला लागल्या की मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "मम्मी, कुठे निघालात? कधी येणार?" तीन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "जामीन मागे घे आणि मला तुरुंगात पाठव. तिथे इतकं विचारत नसतील."

इथवर सगळं सुरळीत होतं. गाडी अडली ती पुढच्या तारखेला. वकीलबाईंनी आदल्या दिवशीच समजावलं होतं. "मॅडम, साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का? तुम्ही 'आहे' म्हणा. थोडा दंड होईल, दहा मिनिटांत मोकळ्या. पासपोर्टचं कामही लगेच पुढे सरकेल."

सासूबाईंनी मान हलवली. ती मान 'समजलं' म्हणून हलली होती, 'मान्य' म्हणून नाही, हे मला ओळखायला हवं होतं.

न्यायाधीशांनी वाचून दाखवलं: बेकायदा जमाव जमवला, रहदारीचा रस्ता अडवला, जमावबंदीचा हुकूम मोडला. "गुन्हा कबूल आहे?"

"नाही."

वकीलबाईंच्या हातातलं पेन थांबलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, आता साक्षीदार येणार, तारखा पडणार. तुमच्या मुलीची डिलिव्हरी कधी आहे?"

"पुढच्या महिन्याच्या शेवटी."

"मग त्याआधी हे काही संपत नाही."

रिक्षात मी बोटांवर दिवस मोजत होते. घरी आल्यावर मात्र माझा तोल गेला. "मम्मी, एक शब्द म्हणायचा होता. कबूल! दहा जणींनी म्हटला. त्यांचं काय बिघडलं? तिकडे ताई वाट बघतेय आणि तुम्ही इथे कसला हट्ट धरून बसलात?"

त्या कपडे घड्या करत होत्या. हातातली उशीची खोळ चौकोनी करून ठेवली, मग म्हणाल्या, "आम्ही रस्त्यावर का बसलो, ते तुला कुणी सांगितलंय का?"

"पाणी नव्हतं म्हणून."

"पाणी तर आधीपासूनच नव्हतं." त्या पलंगावर बसल्या. "आदल्या दिवशी टँकरच्या रांगेत आपल्या गल्लीतली एक पोरगी पडली. सातवा महिना होता. दोन हंडे होते तिच्याजवळ. मीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ती वाचली. बाळ गेलं." त्यांनी चादरीची सुरकुती सारखी केली. "ते बाळ मी माझ्या हाताने कपड्यात गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बायकांना मीच गोळा केलं. आता तू सांग, काय कबूल करू?"

इतकी वर्षं एका घरात राहून ही गोष्ट त्यांनी कधी काढली नव्हती. मी त्यांच्या शेजारी बसले आणि उरलेल्या घड्या दोघींनी मिळून घातल्या.

नणंदेला फोन मीच केला. आधी ती खूप चिडली, रडली. मग मी तिला ते सगळं सांगितलं. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "लढ म्हणावं तिला. पण डिंकाचे लाडू पाठवा. तेवढं तरी."

लाडू गेले. आणि सासूबाईंऐवजी नणंदेची सासू गेली. हा घाव मात्र त्यांना खोल लागला. बाळ झालं, मुलगी, दोघी सुखरूप. पण व्हिडिओ कॉलवर त्या विहीणबाई नातीला तेल लावताना दिसल्या की आमच्या सासूबाई पडद्यात शिरायला बघायच्या. "अहो, मान धरा! मान! असं कुणी पालथं घालतं का?" विहीणबाई गोड हसून म्हणायच्या, "या ना तुम्ही, दाखवा ना." त्या गोडव्याने इकडे पोळ्या करपायच्या.

इकडे तारखा पडत होत्या. सरकारी पक्षाचा मुख्य साक्षीदार म्हणजे रास्ता रोकोच्या दिवशी बंदोबस्ताला असलेला हवालदार. आता तो निवृत्त होऊन पाथर्डी तालुक्यात आपल्या गावी राहत होता. पहिल्या तारखेला तो आला नाही. दुसऱ्यालाही नाही. मग न्यायाधीशांनी त्याच्यावरच जामीनपात्र वारंट काढलं. हे ऐकून सासूबाईंचा चेहरा इतका खुलला की मला त्यांना कोपराने ढोसावं लागलं.

तिसऱ्या तारखेला तो आला. पांढरी टोपी, हातात काठी, एक पाय जरा ओढत चालणारा. कोर्टाबाहेरच्या बाकावर नेमका आमच्या शेजारी येऊन बसला. त्याने सासूबाईंना ओळखलं नाही. "पस्तीस वरसं नोकरी केली, लोकान्ला वारंटं वाटली," तो कुणाला तरी सांगत होता, "आन् आता माझ्याच दारात वारंट. घरची म्हनली, काय करून आला?"

सासूबाई त्याच्याकडे वळल्या. "घाबरायचं नाही," त्या म्हणाल्या. "स्वतःहून हजर झालं की काही करत नाहीत. माझंही होतं." वकीलबाईंनी लगबगीने त्यांना उठवून दुसऱ्या बाकावर नेलं.

साक्ष सुरू झाली. सरकारी वकिलांनी त्याला आरोपीच्या जागी उभ्या असलेल्या सासूबाई दाखवल्या आणि विचारलं, ह्या बाई त्या दिवशी तिथे होत्या का?

हवालदाराने डोळे बारीक करून बघितलं. "काय सांगावं साहेब. बायका लई हुत्या. सगळ्यांच्या डोक्यावं हंडे. तोंडं कुनी बगितली?"

वकीलबाईंचा चेहरा उजळला. साक्षीदार ओळखतच नाही, म्हणजे केस संपल्यातच जमा. मीही पिशवी आवरायला घेतली. आणि तेवढ्यात आरोपीच्या जागेवरून खणखणीत आवाज आला, "अहो, असं काय करता? मीच होते की!"

सगळं कोर्ट वळून बघायला लागलं.

"तुम्ही दुभाजकाला अडकून पडला होतात. गुडघा फुटला होता. मी नाही का पट्टी बांधली, माझा रुमाल फाडून?"

हवालदाराच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "व्हय व्हय व्हय! सिस्टरबाई!" त्याने तिथल्या तिथे हात जोडले. "साहेब, ह्याच हुत्या. शंबर टक्के. लई चांगली पट्टी बांदली हुती."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी तोंडावर हात धरला होता. तो काढायला त्यांना थोडा वेळ लागला. "आजी," ते म्हणाले, "तुम्हाला वकील आहेत. त्यांना बोलू द्या."

"पण ते चुकीचं सांगत होते साहेब."

"तुमच्या फायद्याचं सांगत होते."

"ते मला कळलं," सासूबाई म्हणाल्या. "पण मी तिथे नव्हते असं व्हायला नको. मी होते. गुन्हा केला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी वकीलबाईंना उलटतपासणी घ्यायला सांगितलं.

आता मान्य करायला हवं, वकीलबाई हुशार. त्यांनी पदरी पडलेलं सगळं गोळा केलं आणि शांतपणे विचारायला सुरुवात केली. रस्ता नेमका कशाने अडला होता? हवालदार आता सिस्टरबाईंच्या बाजूला इतका झुकला होता की त्याला थांबवणं कठीण. "टँकर आडवा लागला हुता. त्याचं चाक पंचर. बायका बसल्या हुत्या कडंला, त्याच्या सावलीत." बायकांनी कुणाला मारहाण, शिवीगाळ केली? "न्हाई. एकीनं मला पानी दिलं. म्हंजी व्हतं तेवढं." आणि जमावबंदीचा हुकूम? तो तुम्ही स्वतः पाहिला होता? हवालदाराने टोपी सारखी केली. "न्हाई बगितला. साहेब म्हनले हाय, म्हंजी असंल."

फाइलमध्येही तो हुकूम कुठे नव्हता. कागद खालीवर करून झाले, पुढच्या तारखेपर्यंत मुदत देऊन झाली, तरी तो सापडला नाही.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. निर्दोष. हे त्या दिवशी रजा टाकून आले होते आणि दाराजवळच्या भिंतीला टेकून उभे होते. निकाल ऐकून सासूबाईंआधी त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. खालाही आल्या होत्या, गुडघे धरत धरत जिना चढून. बाहेर येताना त्या सासूबाईंना म्हणाल्या, "सिस्टर, 'नाही' म्हणता येतं हे तेव्हा मला कळलं असतं तर मी पण म्हटलं असतं." सासूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "तुम्हाला घरी चार लेकरं होती. तुमचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. मग आम्ही सगळ्यांनी कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. निवृत्त हवालदार निकालाला नव्हता, पण त्याने वकीलबाईंना फोन करून विचारलं होतं, सिस्टरबाई सुटल्या का म्हणून.

पासपोर्ट आला. सासूबाई मस्कतला निघाल्या तेव्हा नात चार महिन्यांची झाली होती. निकालाची नक्कल त्यांनी लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवली होती. मी म्हटलं, "मम्मी, हे कुणी विचारणार नाही." तर म्हणाल्या, "विचारलं तर?" मुंबईच्या विमानतळावर कुणी विचारलं नाहीच. पण त्यांनी पासपोर्टबरोबर तीही खिडकीतून आत सरकवली. आतली मुलगी मराठी निघाली. तिने सगळं वाचलं. मागे रांग खोळंबलेली. मग तिने शिक्का मारला आणि विचारलं, "आजी, पाणी आलं का मग?"

"दिवसाआड येतं," सासूबाईंनी सांगितलं. "दाब कमी असतो."

हे सगळं मला त्यांनी पोचल्यावर फोनवर सांगितलं. नात कशी आहे, असं मी विचारलं, तेव्हा आधी तिकडच्या उन्हाबद्दल बोलल्या. तिने त्यांना बघितल्या बघितल्या भोकाड पसरलं होतं आणि ती विहीणबाईंच्या खांद्यावरून खाली यायलाच तयार नव्हती. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी विहीणबाई आंघोळीला गेल्या असताना नात कंटाळून का होईना, पण सासूबाईंच्या मांडीवर झोपली. त्याचा फोटो आम्हाला अकरा वेळा आला.